हंसाबेनचा जादा फोटो

रविवार, १८ जानेवारी. ठिकाण: झाई, हंसाबेनचं घर. निमित्त: त्यांचं बारावं.

हजर: त्यांचे भाऊ धीरूभाई, भावजय जमना, शेजारच्या मच्छीमार बायका, तलासरी नाक्यावरचा चहावाला, आमच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका आणि मी. गैरहजर: सायवनचा लखमा. फोटो: नाही.

कुठेही गेलं की आधी तारीख आणि हजेरी टिपायची, ही माझी नोकरीतली सवय. तलासरीतल्या एका आश्रमशाळेत मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. राहते डहाणूला, रोज एसटीने जाते-येते, आणि पर्समध्ये कामांची यादी नसली तर मला चप्पल विसरल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मात्र ‘फोटो: नाही’ एवढं लिहून मी वही मिटली. पाटावर हंसाबेनची मोतिया रंगाची साडी घडी घालून ठेवली होती. साडीवर त्यांचा चष्मा, आणि भोवती झेंडूचा हार. जमनाने आधी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला होता, पण तो इतका फुटला होता की कपाळ कुठलं आणि पदर कुठला ते कळत नव्हतं.

“हा ठेवून लोकांना काय सांगू, मॅडम?” ती म्हणाली. “जिने अख्ख्या तालुक्याचे फोटो काढले, तिचा घरात एक फोटो नाय.”

तिने तो कागद उलटा करून फळीवर ठेवला.

हंसाबेनचं दुकान तलासरीच्या बस स्टँडमागच्या बोळात होतं. एक शटर, वर पाटी. अर्धी मराठीत, अर्धी गुजरातीत. फोटो, टायपिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका. आत निळा पडदा, पडद्यापुढे स्टूल, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, पावडरचा डबा. आणि खिळ्याला एक पांढरा शर्ट. तो शर्ट म्हणजे दुकानातली सर्वांत महत्त्वाची वस्तू. पाड्यावरून कामाच्या कपड्यात, नुसत्या बनियनवर आलेल्या माणसाला हंसाबेन तो घालायला द्यायच्या. “चढव सरकारी शर्ट,” म्हणायच्या. बारीक माणसाला तो ढगळ व्हायचा, जाड्या माणसाची वरची बटणं लागायची नाहीत, पण फोटोत कॉलर दिसली की काम झालं. तहसील कचेरीतला एक कारकून एकदा मला म्हणाला होता, “मॅडम, तुमच्या तालुक्यात सगळ्यांना एकाच टेलरने शर्ट शिवलाय काय हो?” मी हे हंसाबेनना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की हातातला कागद कापायचा राहिला.

आमची ओळख जूनमधली. दरवर्षी शाळा उघडली की शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी नव्या मुलींचे फोटो लागायचे. मी मुलींची रांग घेऊन त्यांच्या दुकानात जायची. पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं की ही बाई प्रत्येकीचे दोन फोटो काढते. पहिल्याला हुकूम: “तोंड बंद. कान दिसू दे. सरळ बघ, मी वाघ नाय.” क्लिक. मग कॅमेरा थोडा खाली घेऊन म्हणायच्या, “सरकारचा झाला. आता माझा.” आणि समोरच्या माणसाला हसवायच्या. म्हाताऱ्यांना विचारायच्या, “काका, दुसरं लगीन करायचंय का? पोरगी बघून ठेवलीय.” बायकांना म्हणायच्या, “तुझा नवरा बाहेर कोणाशी बोलत बसलाय बघ.” आमच्या मुलींना विचारायच्या, “मॅडम दुपारी घोरतात का गं?” मुली खुदकन हसायच्या आणि तेवढ्यात बटण दाबलेलं असायचं.

हा दुसरा फोटो कुठल्याच अर्जावर लागत नव्हता. त्याची प्रत निघत नव्हती, त्याचे पैसे नव्हते. तो कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसायचा. पाड्याच्या नावाचं एक फोल्डर, त्यात घराच्या नावाचं, आत माणसं. माझ्यासारख्या बाईला हे बघून समाधान वाटायला हवं होतं, पण मला कळेना की एवढी व्यवस्था कशासाठी.

“हा कशाला ठेवता, हंसाबेन?”

“लागतो,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलीच्या केसांवर पाण्याचा हात फिरवायला लागल्या.

तो कधी लागतो, ते मला एका उन्हाळ्यात कळलं. गंजाडकडचं एक कुटुंब आलं होतं. घरातली म्हातारी गेली होती. मुलगा, सून, दोन नातेवाईक. सून दारातच उभी. मोबाईल आता पाड्यापाड्यात आहेत, पण मोबाईल फुटतात, विहिरीत पडतात, विकले जातात. म्हातारीचा फोटो कोणाकडे नव्हता. हंसाबेननी नाव विचारलं, पाडा विचारला, दोन-तीनदा माऊस हलवला आणि पडद्यावर ती म्हातारी आली. तोंडात एक दात, डोळे मिटेपर्यंत हसू. सून आत आली. आधी ती हसली, अगदी मोठ्याने, आणि मग तिथेच स्टुलावर बसून रडायला लागली.

“ही तर दुखण्याच्या आधीची,” ती म्हणत होती. “आता शेवटी अशी नव्हती ओ. आम्ही इसरलोच होतो.”

ते लोक फोटो छातीशी धरून गेले. हंसाबेन आपणहून बोलल्या. त्यांचे यजमान गोविंदभाई झाईहून बोटीवर जायचे. एका वर्षी बोट परत आली, ते आले नाहीत. मागे राहिला तो बोटीच्या ओळखपत्रावरचा फोटो. काढणाऱ्याने घाईत काढलेला, नेमकी पापणी मिटलेली असताना. तोच मोठा करून घरात लावला होता.

“नवीन माणूस घरी आला की विचारतो, हे झोपलेत काय? मी म्हणते, हो.” त्या कात्रीने कागदाची कड सरळ करत म्हणाल्या. “काय करणार? दुसरा नाय.”

नंतर त्यांनी टायपिंग शिकून घेतलं, कॅमेरा घेतला, दुकान टाकलं. यापलीकडे त्यांच्या आयुष्याची हकीकत मला माहीत नाही आणि त्यांनीही कधी सांगितली नाही. मराठी बोलता बोलता मध्येच गुजरातीत शिरायच्या, पाड्यावरच्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलायच्या, आणि चिडल्या की फक्त हिंदीत.

चिडायच्या त्या एकाच गोष्टीवर. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या ढालीवर.

नवा कॉम्प्युटर घेतला की त्याच्यासोबत व्हायरसपासून राखण करणारी एक व्यवस्था आतच बसवलेली येते. कोपऱ्यात तिचं चिन्ह असतं, छोटी ढाल. हंसाबेन त्या व्यवस्थेलाच ढाल म्हणायच्या. त्यांचा फोटोचा प्रोग्रॅम, म्हणजे एका कागदावर आठ फोटो बसवणारा आणि मागचा पडदा पांढरा करून देणारा, वापीच्या एका दुकानातून कोणीतरी कॉपी करून दिलेला होता. मराठी-गुजराती टायपिंगचाही तसाच. ढालीला हे दोन्ही प्रोग्रॅम चोर वाटायचे. दिसले की ती त्यांना उचलून बंद खोलीत टाकायची. गिऱ्हाईक स्टुलावर बसलेलं, शर्ट चढवलेला, आणि प्रोग्रॅम गायब.

“ये देखो! फिर खा गया!” हंसाबेन ओरडायच्या.

मग त्यांनी रोजचा एक क्रम लावून घेतला. शटर उघडायचं, अगरबत्ती लावायची, कॉम्प्युटर चालू करायचा आणि सगळ्यांत आधी ढाल बंद करायची. बंद केली तरी दुसऱ्या दिवशी मशीन चालू झालं की ती पुन्हा उभी असायची. म्हणून रोज. अगरबत्तीचा धूर मशीनभोवती फिरवत त्या म्हणायच्या, “झोप बाबा आता. दिवसभर मी आहे.” ढालीवर लाल फुली आली की त्यांचं दुकान सुरू.

मी पुष्कळ सांगून पाहिलं.

“हंसाबेन, ती ढाल कशासाठी असते?”

“व्हायरससाठी.”

“मग?”

“माझ्या दुकानात रोज कोण येतं, मॅडम? व्हायरस की गिऱ्हाईक?”

“गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतो.”

“गिऱ्हाइकाला दारात उभं करून झडती घेऊ? म्हातारी माणसं सायवनवरून दोन गाड्या बदलून येतात.”

मी माझ्या पद्धतीने उपाय लिहून दिले. प्रोग्रॅम पैसे देऊन अधिकृत घेणे. सगळ्या फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवणे. पेन ड्राइव्ह आधी तपासणे. त्यांनी कागद नीट वाचला. त्यातलं एक काम केलंसुद्धा: डिस्क आणली, सगळे फोटो तिच्यावर उतरवले. मला बोलावून दाखवलं. ती डिस्क त्यांनी मशीनला जोडूनच ठेवली होती, आणि हरवू नये म्हणून देवीच्या लाल दोऱ्याने टेबलाच्या पायाला बांधली होती.

“काम झालं की काढून घरी नेत जा,” मी म्हटलं.

“झाईच्या खाऱ्या हवेत? आठवड्यात गंजेल,” त्या म्हणाल्या. दोऱ्याला त्यांनी आणखी एक गाठ मारली.

रोजची झोपवाझोपवी संपवली ती उंबरगावच्या एका रिपेरिंगवाल्याने. प्रिंटर बघायला आला होता. त्याने हंसाबेनची सकाळची पूजा पाहिली आणि हसला. म्हणाला, हे रोज कशाला करता? मी दुसरा अँटीव्हायरस टाकून देतो. तो बसला की कंपनीची ढाल आपोआप बाजूला होते, परत डोकं वर काढत नाही. त्याने पेन ड्राइव्ह लावून काहीतरी टाकलं. तेही कुठून तरी कॉपी केलेलं, कधीच अद्ययावत न होणारं. कोपऱ्यात हिरवी खूण आली. दोन्ही प्रोग्रॅम सुरळीत चालायला लागले.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा हंसाबेननी माझ्यासाठी खास चहा मागवला.

“नवीन वॉचमन ठेवलाय, मॅडम. एकदम समजूतदार. कोणालाच अडवत नाय.”

तो चहा आम्ही हसत प्यायलो. त्यांचं ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

व्हायरस कुठल्या पेन ड्राइव्हमधून आला, कोणाला ठाऊक. निवडणुकीचे, सोसायटीचे, शाळांचे, कॉलेजातल्या पोरांचे, दिवसाला कितीतरी यायचे. एका दुपारी मला त्यांचा फोन आला. आवाज चिडका नव्हता म्हणून मीच घाबरले. “मॅडम, जरा इकडे येता? इंग्लिश वाचायचंय.”

मी गेले. पडद्यावर पाड्यांची नावं तशीच होती. आत घरांची नावंही होती. पण फोटोंच्या नावांना मागे भलतीच अक्षरं चिकटली होती आणि एकही उघडत नव्हता. प्रत्येक फोल्डरमध्ये एकेक चिठ्ठी टाकलेली होती. लाल दोऱ्यात बांधलेल्या डिस्कवरही तेच, कारण ती जोडलेलीच होती. कोपऱ्यातली हिरवी खूण जागच्या जागी होती.

“काय लिहिलंय?”

“फोटोंना कुलूप लावलंय. पैसे पाठवले तर चावी देऊ म्हणतात.”

“कोण?”

“नाव नाही.”

“मग मागायची कोणाकडे?” त्यांनी पडद्याला हात लावला, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. “हे कोणाला काय करत होते? नुसते हसत होते ना.”

रिपेरिंगवाला आला, मान हलवली. एकच उपाय आहे म्हणाला, फॉरमॅट.

“म्हणजे?”

“सगळं पुसायचं. मशीन नव्यासारखं होतं.”

“नाय,” हंसाबेन म्हणाल्या.

“अहो बेन, आत काही राहिलेलं नाही. कचरा आहे.”

“आत माणसं आहेत,” त्या म्हणाल्या, आणि मशीनची वायर स्वतः काढली.

वापीला नेलं, सुरतला नेलं. दोन्हीकडे सांगितलं की चावीशिवाय उघडणार नाही. सुरतच्या माणसाने एवढं मात्र सांगितलं की कधीकधी अशा कुलपांच्या चाव्या पुढे सापडतात, डिस्क फेकू नका. हंसाबेननी ते मशीन दुकानात टेबलाखाली ठेवलं आणि वर निळ्या पडद्याचा जुना तुकडा झाकला. कामाला दुसरं, नवं मशीन घेतलं. मी माझ्या सवयीने यादी केली: त्या आठवड्यात कोणाकोणाचे पेन ड्राइव्ह लागले असतील. आमच्या शाळेचाही त्यात होता. यादी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती न वाचताच घडी घातली आणि हलणाऱ्या प्रिंटरच्या पायाखाली सरकवली.

“शोधून काय करू? त्याला पण रडवू?”

त्यानंतर आला लखमा.

लखमा सायवनच्या बाजूचा. शेतीचा तुकडा, बाकीचे दिवस मजुरी. बायको जानी. दोघं कुठल्याशा अर्जासाठी जोडीने फोटो काढून गेली होती. जानी पावसाळ्यात तापाने गेली. लखमा कार्य उरकून, शेतातलं काम उरकून, बाजाराच्या दिवशी दुकानात आला. हातात पानात गुंडाळलेली रानातली भाजी. मी तिथे मुलींच्या अर्जांच्या झेरॉक्स काढत होते.

“बेन, जानीचा फोटू दे. हसरा. तू बोलली व्हतीस, ठेवते म्हणून.”

हंसाबेननी टेबलाखाली बघितलं आणि म्हणाल्या, “मशीन बिघडलंय, लखमा. पुढल्या बाजारी ये.”

तो पुढल्या बाजारी आला. त्याच्याही पुढल्या. दर वेळी दाराशी उकिडवा बसायचा, घाई करायचा नाही. दर वेळी हंसाबेन काहीतरी कारण सांगायच्या आणि तो गेला की त्यांच्या हातून झेरॉक्सचे कागद उलटे लागायचे. मी म्हटलं, त्याला खरं सांगून टाका. “सांगते,” म्हणायच्या. मधल्या दिवसांत त्यांनी कुठून कुठून चौकशी करून जानीच्या ओळखपत्राची प्रत मिळवली, तिच्यावरचा नखाएवढा फोटो रात्रीतून साफ केला, मोठा केला, चांगल्या कागदावर काढला. बाजाराच्या दिवशी त्याच्या हातात दिला.

लखमाने तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

“ही नाय.”

“तीच आहे रे.”

“ही पोलिसाकडं बघते तशी बघते. जानी अशी नाय बघायची.” त्याने फोटो परत टेबलावर ठेवला, अगदी सांभाळून, कोपरा न दुमडता.

तेव्हा हंसाबेन खुर्चीतून उठल्या आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. “लखमा, मी खोटं बोलले. तो फोटो गेला. तू माझ्यावर सोपवला होतास आणि माझ्या हातून गेला.”

लखमाने टेबलाखालच्या झाकलेल्या मशीनकडे बोट केलं. “हिच्यात व्हता?”

“आहे हिच्यातच. पण कुलूप लागलंय. माझ्याकडे चावी नाय.”

“मंग जानी आत हाय.”

“हो.”

“एकलीच?”

“नाय रे. पुष्कळ जण आहेत. गंजाडची म्हातारी आहे, तुमच्या पाड्यावरचीपण आहेत.”

लखमाने मान हलवली. सोबत आहे हे ऐकून त्याला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. मी उगाचच झेरॉक्स मोजत राहिले. तो उठला नाही.

“तू बघितली व्हती ना फोटूत? तू सांग कशी व्हती.”

आणि हंसाबेननी सांगितलं. काही आठवावं लागलं नाही त्यांना. जानी चपला बाहेर काढून आत आली. स्टुलावर बसायला तयार नव्हती, मोडेल म्हणून. लखमाला त्यांनी सरकारी शर्ट चढवला. त्याच्या बाह्या इतक्या लांब की बोटंसुद्धा दिसेनात. जानीने ते बघितलं आणि तोंडावर हात धरला. तसाच फोटो आला. हात तोंडावर, पण हसू डोळ्यांतून सांडतंय, आणि बघतेय ती कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला, शर्टातल्या नवऱ्याकडे. सांगता सांगता हंसाबेननी स्वतःचा हात तोंडावर धरला, मान बाजूला वळवली. मग लखमाच्या कानाशी वाकून त्याच्या बोलीत हळूच काहीतरी सांगितलं. जानी तेव्हा जे बोलली होती ते.

लखमा हसला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

मग तो दर बाजाराला यायला लागला. फोटोसाठी नाही. दाराशी बसायचा, भाजी द्यायचा आणि म्हणायचा, “सांग.” हंसाबेन हातातलं काम बाजूला ठेवून तेच सगळं सांगायच्या. चपला, स्टूल, बाह्या, हात. शेवटी कानात ते वाक्य. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तो दुरुस्त करायचा, आणि त्या ऐकून घ्यायच्या.

नव्या मशीनवर त्यांनी ढाल चालू ठेवली. प्रोग्रॅम पैसे देऊन घेतले. ढालीने काही विचारलं की तिला शांतपणे उत्तर द्यायच्या, “हो बाई, माझाच आहे तो.” आणखी एक फरक पडला. जादा फोटो त्या अजून काढायच्या, पण आता तिथल्या तिथे प्रत काढून माणसाच्या हातात द्यायच्या. “मी ठेवत नाय आता. तू ठेव. पत्र्याच्या पेटीत ठेव, पावसाला जप.” रविवारी कॅमेरा घेऊन पाड्यांवर जायच्या, जे जिवंत आहेत त्यांचे परत काढायला. जे गेले होते त्यांच्या घरी नुसत्या बसून यायच्या. एकदा मी म्हटलं, “हंसाबेन, तुमचाही एक काढू का?” त्यांनी कॅमेऱ्यावर हात ठेवला. “आधी त्यांचे होऊ दे.”

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या अशाच एका बाजाराच्या दिवशी. मला बस पकडायची होती म्हणून मी दुकानात शिरले नाही, बोळाच्या तोंडाशीच थांबले. दुकानात गर्दी होती, गिऱ्हाइकं ताटकळली होती, आणि हंसाबेन मात्र जमिनीवर लखमासमोर बसलेल्या. तोंडावर हात धरलेला, मान बाजूला वळलेली. तशाच स्थितीत त्यांनी मला पाहिलं आणि मोकळ्या हाताने ‘जा, बस सुटेल’ अशी खूण केली. मी गेले.

त्याच आठवड्यात पहाटे, झाईच्या घरी, चहा ठेवायला उठल्या आणि ओट्याशीच खाली बसल्या. धीरूभाई गाडी आणेपर्यंत संपलं होतं.

बाराव्याला परत निघताना जमनाने मला दुकानातून आणलेल्या दोन वस्तू दिल्या. ते झाकलेलं मशीन, कारण धीरूभाई भंगारात देणार होते आणि तिला ते बरं वाटेना. आणि खिळ्यावरचा पांढरा शर्ट. “हा कोणाला देऊ, मॅडम? तुम्हीच बघा.” चहावाला मला झाईच्या थांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत तो म्हणाला, “मॅडम, परवाच्या बाजारी लखमा आला होता. बंद शटरसमोर बसला. मला विचारलं, बेन कुठं? माझ्याच्याने सांगवलं नाय. बोललो, गावाला गेलीय. येईल पुढल्या बाजारी.”

मशीन माझ्या डहाणूच्या घरी कपाटात आहे, न जोडलेलं. कुठे चावी सापडल्याची बातमी आली का, ते मी अधूनमधून विचारत राहीन. शर्ट धुतला, इस्त्री केला, पिशवीत घातला.

लखमाला काय सांगायचं तेही मी जुळवून पाहिलं. चपला बाहेर काढल्या. स्टुलावर बसेना. बाह्या बोटांच्या खाली. तोंडावर हात, नजर बाजूला. इथपर्यंत मला सगळं येतं, कारण मी ते झेरॉक्स मशीनपाशी उभी राहून कितीदा ऐकलं आहे. पुढे त्या त्याच्या कानाशी वाकायच्या. जानी काय बोलली ते मला कधी ऐकू आलं नाही.

आजच्या यादीतली बाकीची कामं झाली. खाली एक ओळ शिल्लक आहे: सायवन, लखमाला सांगणे. पिशवी दाराशी आहे. उद्या बाजार.